समांतर धावपट्ट्या : ते ३ मैल जातात कुठं?

जालन्याच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहायला बसलो. "दोन विमानांत ३ नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर लागतं, मग १०३५ मीटरवरच्या दोन धावपट्ट्यांवर शेजारी शेजारी विमानं कशी उतरतात? सर म्हणतात, पाठ करा." हाच प्रश्न घेऊन मी आपल्याच भागातल्या, हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीची तयारी करून घेणाऱ्या एका संस्थेत बसलो होतो. तुम्ही फोटो टाकलेला तक्ताही तसाच आहे. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर १०३५, ९१५, ७६० मीटर, मग २ मैल, १००० फूट. कुठला आकडा कुठल्या क्षणी लागू होतो, हे त्यात कुठंच नाही.

मी आता नियंत्रक म्हणून काम करतो. तरी हे माझं वैयक्तिक लिखाण समजा. प्रत्येक विमानतळाची स्वतःची लेखी कार्यपद्धती असते आणि शेवटी तीच खरी. लोकलायझर म्हणजे धावपट्टीची सरळ रेष दाखवणारा रेडिओ संकेत आणि ग्लाइड पाथ म्हणजे खाली उतरण्याचा उतार दाखवणारा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

उत्तर असं, की ३ मैल किंवा १००० फूट हे दोन्ही विमानं आपापल्या लोकलायझरवर स्थिर होईपर्यंत सोडायचंच नाही. वळून लोकलायझर धरण्याचा टप्पा सगळ्यांत नाजूक. दोघं वेगवेगळ्या बाजूंनी एकमेकांच्या दिशेनं येत असतात आणि एकानं वळण थोडं जरी ओलांडलं तरी ते दुसऱ्याच्या वाटेत जातं. म्हणून एक बाजू उंच, एक खाली ठेवतात. समजा डावीकडचं ३००० फुटांवर, तर उजवीकडचं ४००० वर. लोकलायझर ३० अंशांपेक्षा जास्त कोनात कापायचा नाही. त्याच्या आधी किमान १ मैल सरळ, समतल उड्डाण हवं आणि लोकलायझरवर आल्यावर ग्लाइड पाथ लागेपर्यंत आणखी २ मैल. आपल्या तक्त्यात "लोकलायझरकडे वळेपर्यंत" असं छापलंय, ते चूक आहे. वळणं वेगळं, स्थिर होणं वेगळं. त्या दोन शब्दांच्या मध्ये विमानं एकमेकांवर येऊ शकतात. दिलेली उंची पाळली गेली नाही तर काय होतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसलं. तिथं समांतर धावपट्ट्यांचा संबंध नव्हता. एक विमान १४,००० फुटांवर होतं, दुसऱ्याला १५,००० दिलं होतं, ते खाली आलं, दोघांची धडक झाली आणि ३४९ माणसं गेली.

स्थिर झाल्यावर मग ३ मैल कशाच्या भरवशावर सोडतात? दोन्ही मार्गांच्या बरोबर मध्ये किमान ६१० मीटर रुंदीचा निषिद्ध पट्टा आखलेला असतो, त्याला एनटीझेड म्हणतात. दोन शेतांमधला धुरा समजा, नांगर कुणीच घालायचा नाही. प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळा नियंत्रक रडारवर फक्त एवढंच बघत बसतो. विमान पट्ट्याकडे सरकायला लागलं की त्याला लगेच परत मार्गावर यायला सांगायचं. आत शिरलंच, तर शेजारी सरळ येणाऱ्या विमानाला वळवून बाहेर काढायचं. चूक एकाची आणि हलवायचं दुसऱ्याला, हे मला फार उशिरा कळलं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

आता १०३५ कुठून आलं ते बघा. त्यातून ६१० वजा केले तर मार्गापासून पट्ट्यापर्यंत दोन्हीकडे जेमतेम २१२ मीटर उरतात. विमानाचा वेग १५० नॉट धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ मीटर. विमान ३० अंशांनी भरकटलं तर सेकंदाला ३८-३९ मीटर बाजूला सरकतं. साडेपाच सेकंदांत ते पट्ट्यात, २७ सेकंदांत शेजाऱ्याच्या मार्गावर. एवढ्यात रडारवर दिसायला हवं, नियंत्रकानं बोलायला हवं, वैमानिकानं ऐकून वळायला हवं. म्हणूनच १०३५ साठी रडारचं चित्र अडीच सेकंदांत किंवा त्याहून लवकर नवं व्हावं लागतं. ५ सेकंदांचं असेल तर १३१० मीटर लागतात. हे एकदा कळलं की पाठांतराची गरज उरत नाही.

९१५ चं प्रकरण वेगळं. तिथं पट्टा नसतो, म्हणून शेजारच्या मार्गावरच्या विमानापासून तिरकं २ मैल अंतर शेवटपर्यंत ठेवायचं. ७६० वर एक धावपट्टी उतरायला, दुसरी उडायला. आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जोडीनं उतरणारे व्हिडिओ बघून गोंधळू नका. तिथं धावपट्ट्या २२९ मीटरवरच आहेत. ते सगळं स्वच्छ हवेत, वैमानिकानं शेजारचं विमान डोळ्यांनी बघत केलेलं असतं. धुकं आलं की बंद.

आता संस्थेबद्दल. नाव घेत नाही. नियंत्रकाच्या नोकरीला आमचा डिप्लोमा लागतोच, असं तिथं सांगितलं होतं. लागत नाही. मी बघितलेल्या जाहिरातींत भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवी पुरे होती (तरी तुमच्या वेळची जाहिरात स्वतः वाचा). प्रवेश परीक्षेत भौतिक, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता असतं. समांतर धावपट्ट्या प्रशिक्षणात शिकवतात. म्हणजे जे परीक्षेत नाही, तेही चुकीचं, आणि त्याची फी. वडिलांनी त्या वर्षीचं सोयाबीनचं सगळं उत्पन्न तिथं भरलं. वर माझ्या मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात. पडताळणीच्या वेळी मागायला गेलो तर "शेवटचा हप्ता भरा, मग कागद". ती संधी गेली. कास्तकाराच्या लेकरांना असं अडवणारी माणसं बघितली की आजही डोकं तापतं. तुम्ही मूळ कागद दिले असतील तर उद्याच लेखी अर्ज करून परत मागा, पोच घ्या. दिले नसतील तर झेरॉक्सवर भागवा.

आपल्या मराठवाड्यात चिकलठाणा घ्या, नांदेड घ्या, लातूर घ्या, सगळीकडे एकच धावपट्टी. हे दृश्य बघायला मिळत नाही, म्हणून कागदावर काढा. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या १५५० मीटरवर आहेत. त्यातून ६१० वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा आणि त्याच ३० अंशांनी सेकंद काढा. अडलं तर आकडेमोड इथंच टाका, रात्रपाळी नसेल त्या दिवशी बघून सांगतो.