आधी वाटण वाटून बघ

प्रिय मित्रा,

युरोपात बनलेला मिक्सर आयात करून इथे विकायचा तुझा आराखडा नीट वाचला. दीड लिटरचं पारदर्शक प्लास्टिकचं भांडं, १,००० वॅटची मोटर, विक्रीची सुरुवात ठाणे आणि नवी मुंबईतून. तुमच्या युरोपातल्या कारखान्याचं काम चोख आहे. पण हे यंत्र स्मूदीसाठी बनलंय, म्हणजे भरपूर दूध, फळं, बर्फ. आपल्याकडे मिक्सर घेतात तो वाटणासाठी. तुझ्या आराखड्यात रंगांवर चार पानं आहेत आणि वाटण हा शब्द एकदाही नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

सँपल मशीन घरी ने. अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, एक भाजलेला कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि दोन चमचे पाणी घेऊन वाटण कर. चार माणसांच्या आमटीला एवढंच लागतं. दीड लिटरच्या रुंद भांड्यात ते पहिल्याच फिरकीत कडेला उडून चिकटेल आणि पाती मोकळी फिरत राहतील. चमच्याने खाली ढकलायचं, पुन्हा फिरवायचं, असं तीनदा झालं की माणूस वैतागून पाणी वाढवतो. पाणी वाढलं की वाटण परतायला वेळ लागतो, तेल लवकर सुटत नाही. दोष मशीनला लागतो, आणि तो रास्त आहे.

म्हणून पहिली मागणी चटणीच्या भांड्याची. साधारण ४०० मिलीचं, स्टेनलेस स्टीलचं, तळाशी निमुळतं, पाती तळाला जवळजवळ टेकलेली. सोबत एक लिटरचं ओल्या-सुक्या दळणाचं स्टीलचं भांडं. तुमचं दीड लिटरचं तिसरं राहू दे, मिल्कशेकला चालेल. कारखाना विचारेल की प्लास्टिक का नको. हळदीचा रंग तेलात उतरतो, आणि तेलकट हळद प्लास्टिकला आणि झाकणाच्या रबरी वायसरला लागली की पिवळेपणा जात नाही. गोडा मसाला दळला की आतून ओरखडे पडून भांडं आंधळं होतं. आणखी एक, कांदा-खोबरं बऱ्याचदा गरम असतानाच भांड्यात जातं. घट्ट झाकणाखाली वाफ कोंडली तर झाकण उडून हात भाजतो. झाकणाला वाफ जायला वाट हवी, आणि मिश्रण गार करून घ्या ही सूचना मराठीत, चित्रासह, झाकणावरच हवी. माहितीपुस्तिका खोक्यातच राहते.

मोटरबद्दल कारखान्याला नेमकं विचार: भिजवलेली उडदाची डाळ भरून पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा सहा फेऱ्या झेपतात का? हीच चाचणी २०७ आणि २५३ व्होल्टलाही घ्यायला लाव, कारण २३० हा कागदावरचा आकडा आहे. जास्त भार आला की मोटर बंद पाडणारं, तळाचं लाल बटण हवंच. सुमीत मिक्सरचा जन्मच या प्रश्नातून झाला. घरातल्या जर्मन मिक्सरची मोटर जळाली, तेव्हा सत्यप्रकाश माथुर या मुंबईतल्या अभियंत्याने साठच्या दशकात आपल्या दळणाला टिकेल अशी मोटर बनवली. पुढे कितीतरी मराठी घरांत मिक्सरला सुमीतच म्हणू लागले.

प्लग इथला तीन पिनांचा, ६ अँपिअरचा, वायरला जोडूनच आलेला हवा. युरोपातला दोन पिनांचा प्लग आणि सोबत अडॅप्टर, हे चालणार नाही. तो सैल बसतो, ठिणग्या उडतात आणि अर्थिंग तुटतं.

कागदपत्रं आजच सुरू कर. मिक्सरचं भारतीय मानक आयएस ४२५० आहे. परदेशी कारखान्याला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना घ्यायचा तर इथला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, कारखान्याची तपासणी होते, नमुने तपासले जातात. यात महिने जातात. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. न्हावा शेवाला माल उतरल्यावर बाँडेड, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या, गोदामात लेबल लावता येतं, पण कस्टममधून सुटण्याआधी. आणि एमआरपी विचार करून छाप. नंतर कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, तेही मूळ किंमत न झाकता. वाढवता येत नाही.

किमतीचा हिशेब उलटा मांड. समजा एमआरपी ९,९९० रुपये. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की ८,४६६ उरतात. दुकानदाराला त्याचे २० टक्के दिले तर ६,७७३. आता माल बंदरात ४,००० ला पडला, सीमाशुल्क २० टक्के धरलं आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, तर ४,८८०. आयातीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, तो खर्चात धरू नकोस. हाती राहिले १,८९३. यातून भिवंडीचं गोदाम, वाहतूक, जाहिरात, पगार आणि वॉरंटी. तू वॉरंटीचा रकाना रिकामाच ठेवला आहेस. तो भर.

वॉरंटीत मोटरपेक्षा जास्त त्रास देतात मोटर आणि भांडं जोडणारा कपलर, वायसर आणि भांड्याच्या तळाचा बुश, म्हणजे पात्यांचा दांडा ज्यात फिरतो तो. बुश झिजला की चटणीत काळं तेल उतरतं, आणि ते दिसलं की माणूस ते मशीन पुन्हा वापरत नाही. पहिल्याच कंटेनरमध्ये हे तिन्ही भाग आणि कार्बन ब्रश भरपूर मागव. ठाणे स्टेशनजवळ आणि वाशीत एकेका दुरुस्तीवाल्याला ते आधीच देऊन ठेव, भांडं उघडायचं कसं ते दाखव. खास आकाराचा स्क्रू वापरला असेल तर बदलायला सांग.

दसरा-धनत्रयोदशीला विकायचं तर माल गणपतीआधी गोदामात हवा. मधल्या पितृपक्षात नवी खरेदी बरेच जण टाळतात, ते दिवस दुकानदारांना मशीन शिकवायला वापर.

या आठवड्यात चार घरं गाठ: नौपाड्याच्या जुन्या इमारतीतलं, घोडबंदर रोडवरचं, नेरूळचं सिडकोचं, खारघरचं. सकाळी साडेसहाला जा, डबे भरले जात असताना. गप्प उभा राहून बघ, मिक्सर कोण लावतं, किती वेळा, भांडं कोण धुतं. मोजायची टेप ने. ओटा आणि वरच्या कपाटातलं अंतर मोज, आणि तुमचं मोठं भांडं मशीनवर चढवलं की झाकण काढायला जागा उरते का तेवढं मला कळव.