ग्नूप्लॉटमध्ये अँटेनाचा पॅटर्न बंद का होत नाही

ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अँटेनाचा पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेला किती शक्ती जाते त्याचा त्रिमितीय आकार, काढला की तो पूर्ण मिटत नाही. आलेखात संत्र्याची एक फोड काढल्यासारखी फट दिसते, ती जवळजवळ नेहमी डेटामुळे. क्षितिजसमांतर कोन ०, ५, १०… असा ३५५ वर थांबतो आणि ३५५ ते ३६० मधला पट्टा कोणी काढतच नाही. ० चा अख्खा गट, म्हणजे त्या क्षितिजसमांतर कोनाच्या सगळ्या ओळी, फाइलच्या शेवटी ३६० म्हणून पुन्हा जोडा. ५ अंशांच्या पायरीला ७३ गट, प्रत्येकात ३७ ओळी. दोन गटांमध्ये एकच रिकामी ओळ. दोन सोडल्या तर तो वेगळा पृष्ठभाग धरला जातो.

आता कोन. 'सेट मॅपिंग स्फेरिकल' दिल्यावर पहिला स्तंभ क्षितिजसमांतर कोन, दुसरा उभा कोन आणि तिसरा त्रिज्या धरला जातो. उभा कोन विषुववृत्तापासून, म्हणजे आडव्या पातळीपासून मोजला जातो, −९० ते ९०. तुमच्या मोजणीत तो बहुधा वरच्या अक्षापासून ०–१८० असणार, म्हणून ९० मधून वजा करा. 'सेट अँगल्स डिग्रीज' विसरलात तर अंश रेडियन समजले जातात आणि नुसता गुंता दिसतो.

डेसिबल (शक्ती मोजण्याचे एकक, बहुधा ऋण आकडे) थेट त्रिज्या म्हणून देऊ नका! ऋण त्रिज्येचा बिंदू केंद्राच्या पलीकडे उमटतो. −४० च्या खालचे सगळे −४० करा, मग सगळ्यांत ४० मिळवा. रंगही त्रिज्येनुसार हवा असेल तर त्रिज्येचाच स्तंभ चौथ्या जागी पुन्हा द्या.

ध्रुवावर, म्हणजे आकाराच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला, काटा दिसला तर ध्रुवाच्या ७३ किमती तपासा. तो एकच बिंदू आहे, त्रिज्याही एकच हवी. मोजणीत थोडा फरक असेल तर सरासरी चालते.

आकार चपटा वाटला तर 'सेट व्ह्यू इक्वल एक्सवायझेड'.