गावरान कोंबड्यांनी दिवाळीपासून अंडी देणं बंद केलं, काय खाऊ घालू?

ताई, तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. नऊ गावरान कोंबड्या दिवाळीपासून अंडी देत नाहीत. सासरे म्हणतात, पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, कोंबडा कापला म्हणून त्या रुसल्या. आणि नागपूरच्या गोरेवाड्यात बर्ड फ्लूनं वाघ दगावल्याची बातमी ऐकल्यापासून घरात सगळ्या कोंबड्या विकून टाकायचं घाटतंय. खायला काय घालायचं ते नंतर. टॉनिकची बाटली तर आणूच नका.

मी दारव्हा तालुक्यातला. आमच्याकडेही एका हिवाळ्यात अशीच अंडी थांबली होती. मी दोन बाटल्या औषध आणून पाण्यात पाजलं. आठ दिवसांनी मोठी माय म्हणाली, "अरे, कोंबडी धरून पाह्यली काय तू? ते तं अंडे देऊन राहिली, फक्त तुले सांगून नाही देत." खरंच, अंगणामागच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगाखाली सतरा अंडी निघाली.

म्हणून आधी कोंबडी धरा. रात्री खुराड्यात ती शांत असते, तेव्हा. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं बोटांना लागतात. त्यांच्या मधे दोन-तीन बोटं मावली आणि जागा मऊ, ओलसर असली, तर ती अंडी देतेय. जेमतेम एक बोट मावलं आणि तुरा फिका, आक्रसलेला दिसला, तर थांबलीय. प्रत्येक कोंबडीच्या पायाला रंगीत चिंधी बांधून ठेवा, नाहीतर सकाळी कोणती कोणती ते कळत नाही.

ज्या देताहेत त्यांना तीन-चार दिवस दुपारपर्यंत कोंडून ठेवा. आत पाणी, दाणे आणि एका टोपलीत तणस ठेवा. नुसतं सकाळपुरतं कोंडून भागत नाही, कारण एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि वेळ रोज थोडी पुढे सरकते. बाहेर जुनी अंडी सापडली तर पाण्यात टाकून पाहा. तरंगलेलं अंडं खाऊ नका. मुंगूस मागे असेल तर टरफलं इकडेतिकडे पडलेली दिसतात.

आता ज्या खरंच थांबल्या त्यांच्याबद्दल. ही बहुतेक वेळा उजेडाची गोष्ट असते. भरात अंडी द्यायला कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा. त्यातच ती पिसं झाडते. जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत खाल्लेलं सगळं पिसांतच जातं. नऊपैकी कोणी पिल्लं घेऊन फिरत असेल तर तिला यातून वगळाच. 21 दिवस अंड्यांवर बसणं आणि नंतर दोन-तीन महिने पिल्लं सांभाळणं हे तिचं कामच आहे. वर्षाला साठ-सत्तर अंडी दिली तरी गावरान कोंबडीनं आपला वाटा उचलला. जास्त हवी असतील तर ग्रामप्रिया ही सुधारित जात आणा, पण ती खुडूक होत नाही, अंड्यांवर बसत नाही, म्हणजे पिल्लं काढायला गावरानच लागते. बल्ब लावायचा असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी लावला आणि लाइट गेली की कोंबड्या अंधारात जागच्या जागी अडकतात, दांडीवर चढत नाहीत. मी स्वतः लावत नाही. दोन महिने विश्रांती घेतली तर बिघडत नाही असं माझं मत.

खाण्यात माझी एक फजिती सांगतो. गव्हाणीतून सांडलेली सरकीची ढेप कोंबड्या टिपायच्या, मला वाटायचं चांगलंच आहे. मग गिऱ्हाइकं अंडी परत घेऊन येऊ लागली, घरात आठवडाभर ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी निघायचा. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते बलकातल्या लोहाशी जुळतं आणि रंग बदलतो. तेव्हापासून गव्हाणीजवळ कोंबड्या फिरकू देत नाही. त्याऐवजी ज्वारी, कनकी (तांदळाचे तुकडे) आणि उधई, म्हणजे वाळवी. मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा भरून वारुळाजवळ उपडं ठेवा, सकाळपर्यंत मडकं उधईनं भरतं. टरफल पातळ येत असेल तर भाजून कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवं ती खाईल. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. उन्हाळ्यात मात्र नुसत्या टरफलांनी भागत नाही. धापा टाकून कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानंच टरफल पातळ पडतं. तेव्हा सावली आणि गार पाणी.

गोरेवाड्याची बातमी खरी आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि जानेवारी 2025 मध्ये बर्ड फ्लू निघाला. पण त्यासाठी निरोगी कोंबड्या विकायची गरज नाही. तळ्यावरच्या पाणपक्ष्यांत त्यांना जाऊ देऊ नका, अंडी आणि मटण नीट शिजवा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर उघड्या हातानं उचलू नका, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा 1962 वर फोन करा.

मला त्याहून जास्त भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची वाटते. पिल्लू 5-7 दिवसांचं असताना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात टाका, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लशीचं इंजेक्शन. एका कुपीत शंभर-शंभर डोस असतात आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. कुपी बर्फात आणा.

राहिला कोंबडा. अंडं द्यायला कोंबडी एकटी पुरते, कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. सासऱ्यांना सांगा, त्याची काही चूक नव्हती, पण पुढच्या वर्षी पिल्लं काढायची असतील तर करीच्या आधी दुसरा पाहून ठेवा.