वाचकांचे प्रश्न : महिला आइस हॉकीचे जुने संघ कोठे गेले?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत असून नाशिकमध्येच चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळते. मोबाइलवर ती अमेरिका-कॅनडातील महिलांच्या आइस हॉकीचे सामने पाहते. जुन्या चित्रफितींत नॅशनल विमेन्स हॉकी लीग हे नाव आणि बॉस्टन प्राइड, बफेलो ब्यूट्स असे संघ दिसतात. नव्या सामन्यांत मात्र लीगही वेगळी आणि संघही वेगळे. जुने संघ कोठे गेले, आणि नवी लीग तरी टिकेल का?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जुने संघ नव्या लीगमध्ये आलेच नाहीत, ते बंद झाले. आपण म्हणता ती लीग 2015 मध्ये बॉस्टन, बफेलो, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क अशा चार संघांनिशी सुरू झाली. खेळाडूंना पगार देणारी उत्तर अमेरिकेतील महिलांची ही पहिली आइस हॉकी लीग होय. किमान पगार हंगामाला 10,000 डॉलर होता, म्हणजे बहुतेकींना दुसरी नोकरी सांभाळूनच खेळावे लागे, आणि दुसऱ्याच हंगामात, 2016 च्या नोव्हेंबरात, तोही निम्म्यापर्यंत कापण्यात आला. कॅनडात 2007 पासून चाललेली दुसरी लीग 2019 मध्ये पैशांअभावी बंद पडली, तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी, योग्य वेतन आणि सुविधा मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये खेळणार नाही, असे जाहीर केले. माझ्या मते आजच्या लीगचा खरा पाया हाच आहे.

जुन्या लीगने 2021 मध्ये प्रीमियर हॉकी फेडरेशन हे नाव घेतले आणि टोरांटो, माँट्रियलपर्यंत विस्तारही केला; परंतु 2023 च्या उन्हाळ्यात उद्योगपती मार्क वॉल्टर यांच्या गटाने ती विकत घेऊन बंद केली. खेळाडूंचे करार रद्द झाले, आणि त्यांतील अनेकींना निवडप्रक्रियेतून नव्याने संघ शोधावा लागला. हा भाग गोड नव्हता, हे नोंदवायला हवे.

नव्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना 1 जानेवारी 2024 रोजी टोरांटोत झाला आणि न्यूयॉर्कने तो 4-0 असा जिंकला. बॉस्टन, मिनेसोटा, माँट्रियल, न्यूयॉर्क, ऑटवा आणि टोरांटो या सहा संघांना पहिल्या हंगामात नावेच नव्हती. बॉस्टन फ्लीट, मिनेसोटा फ्रॉस्ट, न्यूयॉर्क सायरन्स ही नावे त्यानंतर आली. लीगच्या विजेत्याला मिळणारा वॉल्टर चषक पहिल्या दोन्ही वेळा मिनेसोटाने जिंकला. 2025-26 च्या हंगामात व्हँकुव्हर आणि सिॲटल हे संघ वाढले.

टिकण्याविषयी सांगायचे, तर खेळाडूंच्या संघटनेबरोबरचा सामूहिक करार पहिला सामना होण्याआधीच झाला असून तो 2031 पर्यंतचा आहे. पहिल्या हंगामाचा किमान पगार 35,000 डॉलर होता, आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना 80,000 किंवा त्याहून अधिक देणे बंधनकारक होते. प्रेक्षकही आहेत : एप्रिल 2024 मध्ये माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये एका सामन्याला 21,105 जण आले होते. मात्र सर्व संघांची मालकी एकाच गटाकडे आहे, त्यामुळे एखादा संघ एकटाच बुडत नाही, पण मालकाचे मन फिरले तर सगळ्याच संघांवर गदा येते.

प्रश्न : याच लीगच्या गुणतक्त्यात विजयाला कधी तीन, तर कधी दोन गुण कसे?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : साठ मिनिटांच्या नियमित वेळेत जिंकल्यास तीन गुण मिळतात, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकाविरुद्ध गोल करण्याच्या चढाओढीत) जिंकल्यास दोन, आणि तसे हरणाऱ्या संघालाही एक. आणखी एक मजेदार नियम असा की, शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना संघाने गोल केला, तर छोटी (दोन मिनिटांची) शिक्षा तेथेच संपते.

प्रश्न : भारतात मुलींना हा खेळ खेळता येतो का?
— एक शिक्षिका, सिडको, नाशिक

उत्तर : येतो, पण मुख्यतः लडाख आणि हिमाचलमधील स्पिती येथे, जेथे थंडीत नैसर्गिक बर्फावर खेळतात. लेहमध्ये आता कृत्रिम बर्फाचे मैदानही आहे. भारताचा महिला संघ 2016 मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, 2017 मध्ये त्याने फिलिपिन्सला हरवून पहिला विजय मिळवला आणि 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक पटकावले. चाकांच्या स्केट्सवर तोल आणि स्टिकची हाताळणी आलेल्या मुलीला बर्फावर प्रामुख्याने थांबण्याचे तंत्र नव्याने शिकावे लागते, कारण धारदार पाते आडवे घासून थांबणे चाकांवर तसे जमत नाही.