शंका आली म्हणजे विश्वास गेला असं नाही

जय ख्रिस्त, भाऊ. बाप्तिस्म्यानंतर लगेच मन डळमळलं म्हणून घाबरू नकोस. येशूचा शिष्य थोमा, त्यालाही प्रभू मेलेल्यांतून उठला याबद्दल शंका आली होती. प्रभूने त्याला हाकललं नाही, 8 दिवसांनी वधस्तंभावरच्या जखमा दाखवल्या.

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे मोह येणं हेच पाप समजणं. मोह प्रभूलाही आला, अरण्यात 40 दिवसांच्या उपासानंतर, भुकेलेला आणि एकटा असताना. तुझी तशी वेळ ओळख: ऐरोलीची रात्रपाळी करून दमून घरी येतोस, घरात कुणी नाही, हातात मोबाइल.

सध्या एवढंच कर:

- रोज एक वचन पाठ कर. ठाणे-वाशी लोकलमध्ये सहज होतं. प्रभूने सैतानाला तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या वचनांनीच उत्तर दिलं.
- मोहाशी वाद घालत बसू नकोस, जागा सोड. जुन्या करारातला योसेफ, मालकाच्या बायकोने मोहात पाडायला धरलं तेव्हा वस्त्र टाकून पळाला.
- पाळकांना किंवा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला खरं सांग. मी वर्षभर लपवलं आणि उपासनेला जाणंच बंद केलं, ते फार महागात पडलं.

लांबलचक उपास, सैतानावरची भाषणं आत्ता नकोत. रविवारी उपासनेला ये, मन लागत नसलं तरी ये.