उचलते तेल, धरतो खटका : घरच्या गॅरेजमधील लिफ्टविषयी वाचकांचे प्रश्न

घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट बसवण्याविषयी वाचकांनी विचारलेले सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : गॅरेजमध्ये एकाच गाडीपुरती जागा आहे. दोन गाड्या एकावर एक ठेवता याव्यात आणि सुटीच्या दिवशी ब्रेक-सस्पेन्शनची कामेही घरीच करता यावीत, अशी इच्छा आहे. लिफ्ट दोन खांबांची घ्यावी की चार खांबांची?

उत्तर : या दोन गरजांपैकी रोजची कोणती, हे आधी ठरवा. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी दोन लांब पट्ट्यांवर चढवतात आणि ती स्वतःच्या चाकांवरच उभी राहते, त्यामुळे महिनोन्महिने वर राहिली तरी तिच्या सांगाड्यावर वेगळा ताण येत नाही. मात्र चाके मोकळी होत नसल्याने ब्रेकच्या कामासाठी दोन पट्ट्यांच्या मधून सरकणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो. दोन खांबांच्या लिफ्टचे चार हात गाडीला खालून धरतात, चारही चाके अधांतरी राहतात आणि दुरुस्तीला तिच्याइतकी सोयीची दुसरी लिफ्ट नाही. पण तिच्यावर गाडी कायमची टांगून ठेवणे मला पसंत नाही, आणि तिचा सगळा भार जमिनीतल्या बोल्टांवर असतो. तुमच्यासाठी चार खांबांची लिफ्ट आणि ब्रिज जॅक ही जोडी योग्य ठरेल. वरच्या गाडीचे तेल खालच्या गाडीच्या रंगावर ठिबकू नये म्हणून पट्ट्यांच्या मध्ये बसणारे ट्रेही त्याच वेळी मागवा.

प्रश्न : छताची उंची किती हवी?

उत्तर : खालच्या गाडीची उंची, वरच्या गाडीची उंची, पट्टीची जाडी आणि दोन्ही गाड्यांवरची मोकळी जागा यांची बेरीज करा. दोन्ही गाड्या दीड-दीड मीटर उंच, पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर जाड आणि दोन ठिकाणी १०-१० सेंटिमीटर मोकळे धरले, तर बेरीज ३.३२ मीटर होते. पण लिफ्ट हव्या त्या उंचीवर थांबत नाही, ती खांबातल्या खटक्याच्या, म्हणजे तिला जागीच अडवून धरणाऱ्या पोलादी कुलपाच्या, खाचेवरच टेकवावी लागते. म्हणून आपल्या हिशोबाच्या वर पुढची खाच नेमकी कुठे येते, ते उत्पादकाच्या तक्त्यात पाहा. मोजमाप छतापासून न घेता छताखाली येणाऱ्या सर्वांत खालच्या वस्तूपासून घ्या. वर सरकून आडवा होणारा दरवाजा, त्याचे रूळ, मोटर आणि दिवे यांचा विसर हमखास पडतो.

प्रश्न : दोन खांबांची लिफ्ट घेण्याचे ठरले आहे. गॅरेजची जमीन जुनी आहे, वर लाद्या आहेत आणि दरवाजाकडे थोडा उतार आहे. ती चालेल का?

उत्तर : लिफ्टची पावती फाडण्यापूर्वी हा प्रश्न विचारलात, हे फार चांगले केले. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडीचे वजन खांबापासून दूर, हातांच्या टोकाशी असते. त्यामुळे ते खांबाला केवळ खाली दाबत नाही, तर आतल्या बाजूला ओढते, आणि पायथ्याच्या मागच्या बाजूचे अँकर बोल्ट जमिनीतून उपटले जाण्याच्या दिशेने ताणले जातात. ते धरून ठेवण्याचे काम फक्त काँक्रीट करते. कोबा कितीही गुळगुळीत आणि टणक दिसला, तरी त्याखालची काँक्रीटची जाडी ठाऊक असल्याशिवाय एकही भोक पाडू नये.

घरगुती वापराच्या अनेक लिफ्टसाठी उत्पादक किमान १० सेंटिमीटर जाडीचे, सुमारे २० मेगापास्कल ताकदीचे आणि २८ दिवस मुरलेले काँक्रीट मागतात. जड लिफ्टसाठी हे आकडे वाढतात. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल, तोच आकडा प्रमाण मानावा. जाडी पाहण्यासाठी कोपऱ्यात एक लहान आरपार भोक पाडा, टोक वाकवलेली तार आत सोडून काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा आणि जमिनीच्या पातळीवर तारेला खूण करा. ताकद मात्र तारेने कळत नाही. तिच्यासाठी स्थापत्य अभियंत्याकडून चाचणी करून घ्यावी. लाद्या आणि त्यांखालचा मसाला जाडीत धरायचा नाही. खांबाच्या जागी दोन्ही काढून पाया थेट काँक्रीटवर बसवायचा. बोल्ट भेगेजवळ, सांध्याजवळ किंवा कडेलगत येत असतील, तर खांबांची जागा बदला. जमीन कमी पडली, तर त्या भागातले काँक्रीट कापून, उत्पादकाच्या आराखड्याप्रमाणे सळ्या बांधून नवा पाया ओतता येतो. खर्च वाढतो, पण दुसरी वाट नाही. काही इमारतींच्या जमिनीत ताण दिलेल्या पोलादी केबल असतात. त्यांची जागा शोधून घेतल्याशिवाय तेथे ड्रिल लावणे जीवघेणे आहे. गॅरेजखाली तळघर असेल, तर अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका.

उताराची काळजी त्या मानाने कमी आहे. पायथ्याखाली पोलादी पत्र्याच्या चकत्या घालून, ओळंबा आणि पाणसळ लावून खांब सरळ करता येतो. मात्र किती जाडीपर्यंत चकत्या चालतात, याची मर्यादा पुस्तिकेत असते. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणारा पाना, वापरा. ठरलेला जोर येण्याऐवजी बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर त्या भोकाने पकड घेतलेली नाही. ते सोडून उत्पादकाला विचारावे, बोल्ट आणखी आवळत बसू नये.

प्रश्न : लिफ्ट तेलाच्या दाबावर चालते. मग रात्रभर वर ठेवलेली गाडी हळूहळू खाली येणार नाही का?

उत्तर : नुसत्या तेलावर सोडली, तर येऊ शकते. सील झिजते, नळी पाझरते, झडपेत कण अडकतो. म्हणूनच उचलणे आणि धरून ठेवणे ही दोन वेगळी कामे मानून लिफ्टची रचना केलेली असते. उचलण्याचे काम तेल करते. धरून ठेवण्यासाठी खांबात पोलादी खटके असतात. हव्या उंचीच्या थोडे वर जायचे आणि मग सावकाश खाली सोडून गाडी खटक्यांवर टेकवायची. तिच्याखाली पाऊल टाकायचे ते त्यानंतरच.

चार खांबांची माझी लिफ्ट नवी असताना एकदा गाडी टेकवली, तेव्हा एक कोपरा बोटभर खाली दिसला. वर जाताना टक-टक असा ओळखीचा आवाज आला होता, म्हणून मी निर्धास्त होतो; प्रत्यक्षात तीन खटके बसले होते आणि चौथा गंज व घाणीमुळे खाचेत न शिरता बाहेरच राहिला होता. तो कोपरा केवळ त्याला वर ओढणाऱ्या पोलादी केबलवर लटकत होता. तेव्हापासून मी आवाजावर विसंबत नाही. चारही खांबांशी जाऊन, टॉर्च लावून प्रत्येक खटका खाचेत पूर्ण बसलेला डोळ्यांनी पाहतो. याला अर्धे मिनिटही लागत नाही.

खाली घेताना आधी थोडे उचलून खटके मोकळे करावे लागतात. गाडी पूर्ण खाली येईपर्यंत बटण किंवा दांडी सोडून कोठेही जाऊ नका, आणि मुले व पाळीव प्राणी गॅरेजबाहेर असल्याची खात्री करा.

प्रश्न : माझी गाडी विजेवर चालणारी आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर ती उचलता येईल का?

उत्तर : येईल, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतील. या गाड्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बहुधा बऱ्याच जड असतात, आणि लिफ्टची क्षमता चार हातांत विभागलेली असते. ४ टनांच्या लिफ्टचा एक हात साधारणपणे १ टनासाठीच बनवलेला असतो, म्हणून एकूण वजनाबरोबर पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वजनही पाहा. दुसरे म्हणजे, गाडीच्या पोटाखाली बहुतेक जागा बॅटरीने व्यापलेली असते. हाताची गादी बॅटरीच्या आवरणाला लागून चालणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या चार बिंदूंवरच ती बसली पाहिजे, आणि तेथे खास अडॅप्टर सांगितला असेल, तर तोच वापरावा.

पुढची कृती मात्र कोणत्याही गाडीला लागू आहे. चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबा, चारही गाद्या पुन्हा पाहा, बंपरपाशी हात ठेवून गाडी हलवून बघा. ती कुरकुरली, सरकली किंवा एका बाजूला झुकली, तर खाली घेऊन हात नव्याने लावा. वर असताना इंजिन किंवा गिअरबॉक्ससारखा जड भाग काढायचा असेल, तर तोल दुसऱ्या टोकाकडे जातो. तो भाग सुटण्याआधीच त्या टोकाखाली उंच स्टँड लावलेला असावा.

प्रश्न : वापरलेली लिफ्ट निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : उत्पादक अजून सुटे भाग देत असेल आणि मूळ पुस्तिका मिळत असेल, तरच विचार करा. खांबावर क्षमतेची पट्टी आहे का आणि उत्तर अमेरिकेतील एएनएसआय-एएलआय किंवा युरोपातील ईएन १४९३ या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहा. रंगाखाली नवे वेल्डिंग दिसले, तर व्यवहार तेथेच थांबवा. केबलवरून जाड कापड फिरवा. तुटलेली तार असेल, तर धागा अडकतो, आणि एकच तार तुटलेली आढळली तरी केबल बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. हात गाडीखाली लावून थोडे उचलल्यावर ते आडवे फिरू नयेत म्हणून दाते असलेली कुलुपे असतात. तीच सर्वांत आधी झिजतात. जुने अँकर बोल्ट विक्रेत्याने फुकट दिले तरी घेऊ नका, नवेच आणा. मोटरला किती व्होल्ट आणि किती फेज लागतात, तेही विचारा, कारण व्यावसायिक गॅरेजमधून निघालेल्या लिफ्ट अनेकदा तीन फेजच्या असतात आणि घरात तेवढी जोडणी नसते. उभारणी झाल्यावर पहिली गाडी चढवण्याआधी रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करून तेलातली हवा काढा, मग बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून सगळी तपासणी करून घेत जा.