बुरशीच्या पेशीतील वोरोनिन पिंड कसे तयार होतात?
वोरोनिन पिंड, म्हणजे बुरशीच्या तंतूला जखम झाल्यावर गळती थांबवणारे सूक्ष्म अंगक, हे पेरॉक्सिझोमपासूनच (पेशीतील पटलाने वेढलेल्या, विकरांनी भरलेल्या लहान पिशव्यांपासून) जन्माला येतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल वोरोनिन यांनी १८६४ मध्ये नोंदवलेल्या या अंगकांचा सर्वांत बारकाईने अभ्यास न्यूरोस्पोरा क्रासा या नारिंगी बुरशीत झाला आहे. हेक्स-१ हे प्रथिन पेशीद्रवात तयार होते आणि त्याच्या शेवटी असलेल्या संकेतामुळे पेरॉक्सिझोममध्ये घेतले जाते. तिथे त्याचे रेणू आपोआप एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट स्फटिक बनतो. पुढचा टप्पा मला विशेष विलक्षण वाटतो: पेरॉक्सिझोमच्या पटलातील डब्ल्यूएससी हे प्रथिन या स्फटिकाला वेढून फुगवटा निर्माण करते, तर लीशिन नावाचे अतिशय लांब प्रथिन तो फुगवटा पेशीच्या कडेशी बांधून ठेवते आणि मग पिंड मूळ पेरॉक्सिझोमपासून अलग होतो. हे मुख्यतः कवकतंतूच्या (बुरशीच्या धाग्यासारख्या तंतूच्या) वाढत्या टोकाकडे घडते, कारण हेक्स-१चा संदेशवाहक आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची सूचना नेणारा रेणू, तिथे अधिक असतो.

तंतू फाटला की पिंड पेशीद्रवाच्या लोंढ्याबरोबर आडपडद्याच्या (तंतूतील दोन पेशींमधल्या भिंतीच्या) छिद्रात घट्ट बसतो आणि गळती थांबते. हेक्स-१ नसलेल्या न्यूरोस्पोराच्या तंतूंमधून मात्र जखमेनंतर पेशीद्रव वाहत राहतो. यीस्टमध्ये असे पिंड आढळत नाहीत.